कुस्तीशौकीन घरातलं पोर : मैदानाला नेण्यापासून हौदात उतरवण्यापर्यंत

हौदकाठ (धागाकर्ता)

दिवाळी सरली की आपल्या पट्ट्यात कुस्त्यांच्या मैदानांची पत्रकं फिरायला लागतात आणि पावसाच्या तोंडापर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात हलगी वाजतच असते. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिकोडी इकडं आजोबापासून नातवापर्यंत सगळं घर शौकीन, हे काही नवीन नाही. अशा घरातल्या पोराला नीट बोलता यायच्या आधी शड्डू ठोकता येतो.

कौतुक त्यातच आणि घोटाळाही त्यातच. सहाव्या वर्षी फेटा बांधून हौदात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, उभं करायचं, पडलं की घरातल्यांचं तोंड उतरायचं, मग बाराव्या वर्षी तेच पोरगं तालमीचं नाव काढू देत नाही.

म्हणून हा धागा. मैदानात काय बघायला शिकवायचं, कुठल्या वयाला किती मेहनत, घरामागं छोटा हौद करायचा तर माती कशी, खुराक किती, कान-कातडी कशी सांभाळायची. आकड्यांनिशी लिहा. ‘आमच्या वेळी’ नको, त्याला दुसरे धागे आहेत.

पंचशिट्टी

बघण्यापासून सुरू करतो, कारण नव्वद टक्के शौकीन तिथंच चुकतात. पोराला थेट रात्रीच्या मोठ्या कुस्तीला नेतात. ते पेंगायला लागलेलं असतं, पुढं फेट्यांची भिंत, आणि दोन मोठे पैलवान वीस-वीस मिनिटं खडाखडी करत, म्हणजे नुसता एकमेकाचा अंदाज घेत, उभे. पोराला त्यात काय दिसणार?

दुपारीच न्या. लहान गटाच्या कुस्त्या आधी लागतात, दोन-तीन मिनिटांत निकाल होतो आणि लढणारी पोरं आपल्याच वयाची असतात. बसायचं हौदाच्या पश्चिम बाजूला, म्हणजे उतरतं ऊन पाठीवर येतं. अगदी कडेला बसवू नका. जोड अंगावर येते तेव्हा मोठ्यांना उठायला वेळ मिळतो, पोराला मिळत नाही. निदान तिसरी रांग. भोंग्याच्या तोंडासमोर आणि हलगीवाल्यांच्या शेजारी तर नकोच.

बघायचं काय, तर तोंड नव्हे, पाय. पुढचा पाय कुणाचा आणि वजन कुठल्या पायावर, एवढं कळलं की पट (पाय धरण्याचा डाव) कुठून निघणार ते पोरगं आधी सांगतं. दर कुस्तीला एकच प्रश्न विचारा : ‘ताबा कुणाकडं?’ मागं जाऊन कमर धरली की ताबा, हे त्याला पाच कुस्त्यांत उमगतं. मग डावांची नावं, तीही एका दिवसात दोनच. सुरुवातीला डोळ्याला सहज दिसणारे घ्या. एकेरी पट म्हणजे एक पाय उचलणं. धोबीपछाड म्हणजे हात धरून खांद्यावरून आपटणं, धोबी कपडा आपटतो तसं. कलाजंग म्हणजे खाली शिरून माणूस आडवा खांद्यावर घेणं. मोळी म्हणजे मान आणि पाय एकत्र आवळून मोळीसारखा बांधणं. ढाक आणि घिस्सा पुढच्या हंगामाला. घिश्शात हाताची खरी जागा लांबून दिसतच नाही.

आणि चितपट म्हणजे दोन्ही खांदे मातीला. एक खांदा टेकला की उठून नाचणारे काका प्रत्येक मैदानात असतात. पोरानं त्यांच्याकडून शिकू नये.

एकसंबेकर

पंचशिट्टी, एक भर. नावं सांगताना आपल्या भागातली सांगा की. पहिले हिंद केसरी श्रीपती खंचनाळे, १९५९ साल, आणि गाव आमचं चिकोडीकडचं एकसंबा. पोरांना सगळी मोठी कुस्ती कोल्हापुरातच जन्मली असं वाटतंय.

तरी कोल्हापूरला एकदा न्याच. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ साली सुरू झालं. बांधणी वाडग्यासारखी, हौद मध्ये आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बैठक, त्यामुळं पोराला खांद्यावर घ्यावं लागत नाही. सपाट पटांगणातल्या यात्रेच्या मैदानात आणि तिथं बघण्यात केवढा फरक पडतो ते कळेल.

गरडीमने

अथणी-रायबाग साईडच्या मैदानात निवेदन दोन्ही भाषांत असतंय. पोराला चार कन्नड शब्द येऊ देत. ‘हिडी’ म्हणजे धर, ‘बिडबेड’ म्हणजे सोडू नको, ‘एत्तु’ म्हणजे उचल, ‘तिरुगु’ म्हणजे फिर. समोरच्या पोराचा वस्ताद कडेवरनं काय ओरडतोय ते कळलं तर अर्धी कुस्ती हातात. माझं नाव का हे, ते विचारणाऱ्यांसाठी : गरडी मने म्हणजे कन्नडात तालीम.

मातीतला_मास्तर

मातीबद्दल लिहितो. घाईनं केलेला हौद हाडं मोडतो, तेव्हा सविस्तर.

माप : तालमीचा नेहमीचा हौद २० बाय २० फूट धरला आणि माती दीड फूट, तर ६०० घनफूट, म्हणजे ६ ब्रास. घरामागं पोरांसाठी १२ बाय १२ आणि एक फूट पुरे. त्याला दीड ब्रासला थोडी कमी माती लागते. बारापेक्षा लहान करू नका. लोळताना डोकं काठावर जातं. काठ विटांचा असेल तर वरून काथ्याची किंवा जुन्या गाद्यांची वळकटी बांधा.

खणताना दीड फूट खणा. तळाला अर्धा फूट मुरूम आणि जाड वाळू, त्यावर एक फूट माती. तळ निचऱ्याचा नसेल तर पहिल्या वळवाला हौदाची विहीर होते.

माती कुठली? तांबडी. अथणीकडची काळी आणू नका. ती ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते, आणि तिची ढेकळं दगडाला हरवतात. खानापूर भागातली तांबडी रंगाला सुंदर, पण तिच्यात जांभ्याचे खडे असतात. दोनदा चाळा : आधी कोंबड्यांच्या जाळीतून, मग बारीक वाळूच्या चाळणीतून. दुसरी चाळण टाळली की पोरांचे गुडघे आणि कोपरं सोलवटतात, आणि तिथूनच गळवं सुरू होतात.

दीड ब्रासला मिसळण : हळद ५ किलो, लिंबं १००, ताक २५ लिटर, तेल ७ ते ८ लिटर, कापूर पाव किलो, रंगासाठी थोडी काव. मोठ्या हौदाला याच्या चौपट. वस्तादागणिक प्रमाण बदलतं, भांडू नका. पण दोन गोष्टींत तडजोड नाही. ताक अळणी हवं, कारण मीठ खरचटलेल्या जागी आणि डोळ्यात झोंबतं, शिवाय ओल धरून ठेवतं. आणि तेल खाण्याचंच, करडई, तीळ, सरकी, काही चालेल. वापरलेलं तळणीचं किंवा गाडीचं नको. सांगायची वेळ येते, म्हणून सांगतोय.

क्रम : पाचसहा घमेली कोरडी माती बाजूला घ्या, तेल त्यात चोळून मुरवा आणि मग ती सगळ्या हौदात पसरा. तेल थेट हौदात ओतलं तर गोळे होतात आणि नेमका त्यावर पाय घसरतो. नंतर हळद आणि कापराची पूड. शेवटी ताकात लिंबाचा रस घालून शिंपडायचं. आठ दिवस रोज फावड्यानं खालीवर करा, कुणाला उतरवू नका. आंबूस वास जाऊन मातीचा वास आला की तयार.

परीक्षा : मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. दोन-तीन तुकडे झाले तर बरोबर. गोळाच झाला नाही तर कोरडी आहे, धूळ उडेल, पाणी शिंपडा. गोळा तसाच राहिला तर ओली आहे, त्या दिवशी कुस्ती नको. ओल्या मातीत पाय रुततो, अंग फिरतं, आणि मधल्यामध्ये गुडघा जातो.

रोज उतरायच्या आधी अर्धा फूट खणायचंच. ते कामही पोरांनाच द्या, मेहनत आपोआप होते. उन्हाळ्यात चार दिवस खणलं नाही तर हौदाची फरशी होते.

हौदकाठ

जबरदस्त! रात्री झाकायचं का? मांजरं येतात.

मातीतला_मास्तर

मांजर-कुत्र्याची घाण मातीत मिसळली तर जंताचा त्रास होतो, तेव्हा आडोसा हवाच. पण ताडपत्री अंथरू नका, खाली घाम धरतो आणि बुरशी येते. चारी बाजूंनी तीन-चार फूट जाळी आणि वर पत्रा. बेळगाव-खानापूरच्या पावसात पत्र्याशिवाय हौद टिकत नाही. पत्रा हौदाच्या चारी बाजूंना निदान तीन फूट बाहेर काढा, नाहीतर झड आत येते.

जोर_बैठक

वयाचं बोलूया.

५ ते ७ : कुस्ती नाहीच. कोलांट्या, पाठीवर गोल पडणं, बेडूकउड्या, एकमेकाला रेघेबाहेर ढकलायचा खेळ. हनुवटी छातीला लावून पडायला शिकला तरच पुढं. डाव नंतरही येतात, पडणं आधी यायला हवं.

८ ते १० : आठवड्याला तीन दिवस, पाऊण तास. जोर १० ते १५ च्या दोन फेऱ्या, बैठका २० ते ३०. लढत शेवटची दहा मिनिटं.

११ ते १३ : पाच दिवस. जोर ५० पर्यंत, बैठका १०० पर्यंत, तेही टप्प्याटप्प्यानं, आठवड्याला पाच-दहाच्या वाढीनं. दोरखंड चढणं याच वयात सुरू करावं, पकडीला त्यासारखं दुसरं काही नाही. मानेवर भार घेऊन पूल करायचा तो फक्त स्वतःच्या वजनाचा आणि खणलेल्या मातीवर. छातीवर दुसरं पोरगं बसवायचा प्रकार बंद करा.

याच वयात गुडघ्याच्या वाटीखाली हाडाला टेंगूळ येऊन दुखायला लागतं. पोरगं कामचुकार झालं असं घरात म्हणतात. ते वाढीच्या वयातलं दुखणं आहे. बैठका आणि उड्या कमी करायच्या, दुखणं उतरल्यावर परत हळूहळू वाढवायच्या. तेल चोळून वर शंभर बैठका मारायला लावल्या तर महिनोन्‌महिने रेंगाळतं.

आणि बापानं स्वतःच्या पोराला शिकवू नये. तालमीत आणा, वस्तादाच्या हवाली करा आणि काठावर गप्प बसा. गप्प बसणं जमत नसेल तर भाजी आणायला जा.

शहापूरची_सून

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

खुराकावर मी लिहिते, कारण बोलतात पुरुष आणि वाटतं कोण ते माहीत आहे. शौकीन घरात पोराला तूप आणि बदाम इतके कोंबतात की ते तालमीत जडच होतं. ३५ किलोच्या मेहनत करणाऱ्या पोराला दिवसाला ४५ ते ५० ग्रॅम प्रथिनं पुरतात. अर्धा लिटर दूध १६, दोन अंडी १२, वाटीभर उसळ ८-९, तीन-चार भाकऱ्यांतून १०-१२. झालं की! अंडी खात नसतील तर दही आणि डाळ वाढवा. मटण आठवड्याला एकदा, आणि तालमीच्या आधी नव्हे. जेवण आणि मेहनत यांत निदान अडीच तास.

थंडाई, चार पोरांची : बदाम २४, मगज दोन चमचे, बडीशेप दोन चमचे, मिरी ८ ते १०, वेलदोडे ४, खसखस दोन चमचे. आठ तास भिजवायचं, बदाम सोलायचे, कुंडीत सोट्यानं घोटायचं. मिक्सरमध्ये केलं तर थांबत थांबत फिरवा, तापलं की तेल सुटून कडवट लागतं. एक लिटर दूध घालून फडक्यानं गाळा. उरलेला चोथा टाकू नका, आमटीला लावा. पावसाळ्यात निम्मी करा, पोरांना कफ होतो. मेहनत झाल्याबरोबर नाही, अंग गार झाल्यावर, अर्ध्या तासानं.

मुलींचं कुणीच लिहिलं नाही अजून. आता यात्रेच्या मैदानांतही मुलींच्या कुस्त्या लागतात. सगळं तेच, फक्त जोड मुलीशीच, आणि तालमीत कपडे बदलायला दार लागणारी खोली हवी. ती नसते म्हणून मुली दहाव्या-बाराव्या वर्षी गळतात, ताकद कमी पडते म्हणून नव्हे.

पंचशिट्टी

ताई, खसखशीबद्दल एक. पोरगं राज्य-राष्ट्रीय पातळीला गेलं आणि उत्तेजक चाचणी होणार असेल, तर स्पर्धेच्या आधी आठवडाभर थंडाईतून खसखस काढा. तिच्यातून मॉर्फीनचा अंश लघवीत उतरू शकतो. गावच्या यात्रेला काही प्रश्न नाही.

कान_नाक_घसा

पेशाच्या बाजूनं थोडं.

कान : घासून किंवा मार लागून कानाच्या पाळीत रक्त साकळतं, पाळी मऊ फुगते. पहिल्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरकडून रक्त काढून घट्ट दाबपट्टी बांधली तर कान वाचतो. आठवडा उलटला की आत कूर्चा घट्ट होते आणि कान कायमचा गड्ड्यासारखा होतो. शौकीन घरात मोडलेला कान म्हणजे पदक समजतात. मोठ्यानं स्वतःच्या कानाचं काय करायचं ते करावं, पण अकरा वर्षांच्या पोराच्या कानाचा छिद्रमार्ग आवळला तर मळ साठतो आणि ऐकायला कमी येतं. घरी सुईनं टोचू नका. कूर्चेत पू झाला तर कान गळून जातो.

कातडी : गोल कडा, मध्ये फिकट, खाज, म्हणजे गजकर्ण. मेडिकलमधून मिळणारी तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब लावू नका. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. नुसतं बुरशीवरचं औषध, डाग गेल्यावरही दोन आठवडे. औषध सुरू करून निदान तीन दिवस होईपर्यंत हौदात नाही. पाण्याच्या फोडांचा झुपका आणि ताप असेल तर तो वेगळा रोग, तो तालीमभर पसरतो, डॉक्टरनी हो म्हणेपर्यंत घरी. हळद मातीत आहे म्हणून काही होत नाही, हा भ्रम सोडा. अर्ध्या तासात साबणानं आंघोळ, प्रत्येकाचं टॉवेल वेगळं, लंगोट रोज धुऊन उन्हात, नखं आठवड्याला दोनदा.

धनुर्वाताचं इंजेक्शन १० व्या आणि १६ व्या वर्षी सरकारी लसीकरणातच असतं. चुकलं असेल तर घ्या, मगच माती.

नवा_शौकीन

इतकं सगळं मातीचं. पण पुढं मॅटच आहे ना? मग मातीत वेळ का घालवायचा?

जोर_बैठक

दोन्ही लागतं, पण पोराला फरक दहाव्या-अकराव्या वर्षापासून माहीत हवा. खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅट आणि तिथले नियम त्यांना नवे होते, तरी सहावे आले. तयारी करून १९५२ ला हेलसिंकीहून कांस्य आणलं. आज तसं चार वर्षं थांबायचं कारण नाही.

मातीत लंगोटाला हात घालता येतो, मॅटवर सिंगलेट (अंगाला घट्ट बसणारा पोशाख) धरलं की दंड. मातीतल्या पोराला हीच सवय आधी मोडावी लागते. मातीत काठाचं भान नसतं. मॅटवर नऊ मीटरच्या वर्तुळाबाहेर पाय गेला की समोरच्याला एक गुण. मागं जाऊन ताबा घेतला की दोन. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. १५ आणि १७ वर्षांखालच्यांना दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मोठ्यांना तीन-तीन मिनिटांच्या. म्हणजे मातीतली दहा मिनिटांची खडाखडी तिथं चालतच नाही, पंच निष्क्रिय म्हणून तंबी देतो.

माती देते ती पकड, दम आणि पडायची भीती जाणं. घरात मॅट परवडत नाही, हौद परवडतो, हेही आहेच.

रेवडीवाला

इनामाचं काय? लहान पोरांच्या कुस्त्या पूर्वी रेवडीवर नाहीतर नारळावर लागायच्या. आता पाकीट देतात. मला ते पटत नाही. पैसा आला की बाप जोड निवडायला लागतो, हलकं पोरगं शोधतो.

पंचशिट्टी

पाकिटापेक्षा जोड लावण्याची पद्धत नीट करा. नजरेनं जोड लावू नका, टेबलाशेजारी वजनकाटा ठेवा. दहा वर्षांखाली फरक दोन किलोच्या आत, त्यावर तीन. शाळेचा दाखला बघा, पण दाखल्यापेक्षा कान आणि मान बघा. तालमीत तीन वर्षं घालवलेलं पोरगं आणि यात्रेपुरता लंगोट घातलेलं पोरगं सारख्या वजनाचं असलं तरी ती जोड नाही. लहानांना पाच मिनिटांची मर्यादा, नंतर बरोबरीत सोडवायची. निकाली लावायची नाही. काठावरून घरचे ओरडतात ‘निकाल होऊ दे’, त्यांच्याकडं लक्ष देऊ नका.

आणि वजन उतरवायला प्लास्टिकचं जाकीट, पाणी बंद, जुलाबाच्या गोळ्या हे पोराच्या बाबतीत कुणी करत असेल तर त्या पोराची जोड लावूच नये. एक गट वर लढू दे.

एकसंबेकर

नुरा कुस्तीचं पण सांगा. मोठ्या जोडीत गडबड झाली की पोरं विचारतात आणि घरचे गप्प बसतात.

पंचशिट्टी

खरं सांगायचं. ठरवून केलेल्या कुस्तीत पकड खोल जात नाही. हात बोटांवर असतात, कोपराच्या आत कधी येत नाहीत. पट निघतो पण खांदा मांडीला लागत नाही. पडणारा पडायच्या आधी मान ढिली सोडतो. खऱ्या कुस्तीत मान सगळ्यात शेवटी सुटते. मात्र नुसती लांबली म्हणून नुरा म्हणू नका. दोन तयार पैलवान एकमेकाला घाबरून असतात तेव्हाही तीस मिनिटं काही होत नाही. ती मात्र मन लावून बघायची कुस्ती असते.

कॅम्पातला

कुस्ती कुस्ती काय, बेळगावची हॉकी विसरला का सगळे? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या सुवर्णसंघातले बंडू पाटील इथलेच.

हौदकाठ

विसरलो नाही दादा. वेगळा धागा काढा, सगळे येतो. इथं माती उडतेय, स्टिक खराब होईल.

मास्तर, एकच राहिलं. बारा बाय बाराचा हौद खणून झाला, पण खानापूरकडची माती दोनदा चाळूनही तळहाताला खरखरतेय.

मातीतला_मास्तर

तिसऱ्यांदा चाळू नका, पीठ होऊन धूळ उडेल. चार-पाच घमेल्यांना एक घमेलं नदीकाठची बारीक गाळमाती मिसळा, तीही चाळून. मग मुठीची परीक्षा परत घ्या. गोळा फुटेनासा झाला तर गाळ जास्त पडला, तांबडी वाढवा. ताक त्यानंतरच. आधी ओतलं असेल तर माती पसरून तीन दिवस उन्हात वाळवा आणि पहिल्यापासून करा.